उघडे दार आणि उंबऱ्याबाहेर राहिलेली घरची माणसे

धागा. विषय : महाराष्ट्रातील ख्रिस्ती महाविद्यालये, त्यांची पंथीय ओळख आणि ‘सर्वांना प्रवेश’ या धोरणाचा इतिहास. मजकूर दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

मे २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने अकरावीच्या प्रवेशांविषयी एक निर्णय काढला. अल्पसंख्याक संस्थांच्या कनिष्ठ महाविद्यालयांत अल्पसंख्याक कोट्याबाहेर ज्या जागा उरतात, त्यांनाही सामाजिक आरक्षण लागू होईल, असा त्यातील एका तरतुदीचा अर्थ होता. संस्था न्यायालयात गेल्या आणि जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या संस्थांपुरती त्या तरतुदीला अंतरिम स्थगिती दिली.

त्या दिवसांत दोन वाक्ये वारंवार कानांवर पडली. पहिले : ‘आमची दारे पहिल्या दिवसापासून सर्व जातिधर्मांना उघडी आहेत, आम्हांला सर्वसमावेशकता शिकवू नका.’ दुसरे : ‘ही महाविद्यालये धर्मांतरासाठीच निघाली होती; त्यांना सवलत कसली?’ दोन्ही वाक्ये इतिहासाचा हवाला देतात. माझ्या मते पहिले खरे असूनही महत्त्वाची गोष्ट झाकते, आणि दुसऱ्याला तर महाविद्यालयांचे जुने पटच खोटे ठरवतात.

माझे म्हणणे आरंभीच मांडते. या महाविद्यालयांत ‘इतरांना’ जागा होती का, हा प्रश्न महाराष्ट्रात कधी नव्हताच. ती पहिल्यापासून इतरांनीच भरलेली होती, आणि त्या इतरांत उच्चवर्णीय हिंदू व पारशी अधिक होते. उंबऱ्याबाहेर राहिली ती चर्चची स्वतःची गरीब माणसे, म्हणजे महार-मांग समाजांतून ख्रिस्ती झालेली खेड्यांतील कुटुंबे. आणि याचे कारण केवळ इथली जातिव्यवस्था नव्हती. कोणत्या पंथाचे मिशन कोणत्या जिल्ह्यात उतरले आणि शिक्षणाविषयी त्या पंथाचे शास्त्र काय होते, यावरही ते ठरले.

प्रथम एक तुलना. अमेरिकेत लूथरन पंथाची अनेक महाविद्यालये आहेत. गेटिसबर्ग १८३२चे, ऑगस्टाना १८६०चे, सेंट ओलाफ १८७४चे. जर्मन, स्वीडिश, नॉर्वेजियन स्थलांतरितांनी ती प्रामुख्याने आपल्या मुलांसाठी आणि आपल्या मंडळींना पाळक मिळावेत म्हणून उभारली. शाळा काढणे हे लूथरच्या अनुयायांना परके नव्हते. स्वतः लूथरने १५२४ मध्ये जर्मन नगरांच्या कारभाऱ्यांना पत्र लिहून शाळा काढण्याचा आग्रह धरला होता. पुढे या महाविद्यालयांत लूथरन विद्यार्थी कमी आणि इतर अधिक, अशी स्थिती आली. मग प्रश्न उभा राहिला : इतरांना सामावून घ्यायचे, तर ‘लूथरन’ या शब्दाचा अर्थ काय उरतो? २०१८ मध्ये त्यांच्या सर्वांत मोठ्या चर्चशी संलग्न महाविद्यालयांनी ‘रूटेड अँड ओपन’ या नावाचे निवेदन काढले. मुळे घट्ट आणि म्हणूनच दार उघडे, असा त्याचा आशय आहे.

तिथला क्रम असा : आधी आपली माणसे, मग इतर. आपल्याकडे हा क्रम बरोबर उलटा आहे, आणि तिथली भाषा जशीच्या तशी इथे आणली की गोंधळ होतो.

(जाता जाता : महाराष्ट्रात लूथरन महाविद्यालय का नाही, असे कुणी विचारील. लूथरन मिशने प्रामुख्याने तमिळ प्रदेशात, आंध्रात आणि छोटानागपुरात रुजली. गुंटूरचे आंध्र ख्रिश्चन कॉलेज त्याच परंपरेतले. पहिल्या महायुद्धात मात्र अनेक जर्मन मिशनरी अहमदनगरला येऊन राहिले, ते इंग्रजांच्या नजरकैदेच्या छावणीत.)

आता मुंबईकडे. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. १८३२ मध्ये त्यांनी गिरगावात इंग्रजी शाळा काढली. तिचेच पुढे विल्सन महाविद्यालय झाले. म्हणजे मुंबई विद्यापीठाहून ते पंचवीस वर्षांनी जुने. त्या शाळेत शिकायला ख्रिस्ती मुले येणार तरी कुठून? मराठी प्रोटेस्टंट समाज तेव्हा जवळजवळ अस्तित्वातच नव्हता. बाकांवर बसले ते ब्राह्मण, प्रभू, पारशी आणि मूठभर इतर. इंग्रजी हवी, नोकरी हवी, बायबलचा तास सोसू, असा तो व्यवहार होता.

स्कॉटिश मिशनला हा व्यवहार मान्य होता, कारण त्यामागे त्यांचे स्वतःचे शास्त्र होते. कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांनी ते मांडले होते : समाजाच्या वरच्या थरातील बुद्धिमान तरुणांना इंग्रजीतून विज्ञान, तर्क आणि बायबल शिकवावे, जुन्या श्रद्धा आपोआप ढासळतील आणि नवा धर्म वरून खाली झिरपत जाईल. ज्ञान काही प्रमाणात झिरपले. धर्म फारसा झिरपला नाही.

जेव्हा झिरपला तेव्हा काय झाले, ते १८३९ मध्ये दिसले. मे महिन्यात धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. मुंबईत खळबळ उडाली. धनजीभाईंच्या ताब्यासाठी प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले; निकाल त्यांच्या बाजूने लागला. पारशी पालकांनी मुले काढून घेतली आणि शाळेचा पट एकाएकी कोसळला. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनकडे होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या हवाली केले. मग त्याला जातीत परत घ्यायचे की नाही, यावर वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकर शुद्धीच्या बाजूने उभे राहिले आणि सनातन्यांनी त्यांच्यावर झोड उठवली.

या दोन प्रकरणांचा एक परिणाम इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच नोंदवला जातो. मिशनला कळून चुकले की प्रत्येक बाप्तिस्मा म्हणजे रिकामे बाक. पालकांनाही कळले की मुले काढून घेणे हे हत्यार चालते. महाविद्यालयाचा ‘सर्वसमावेशक’ स्वभाव घडला, त्यात मिशनऱ्यांच्या औदार्याइतकाच या पालकांच्या दबावाचा वाटा आहे. विद्यार्थी शिकत राहिले, पदव्या घेत राहिले, आणि बहुतेक सारे आपापल्या धर्मात राहिले. धर्मांतराचा कारखाना म्हणून पाहिले, तर हा कारखाना तोट्यातच चालला.

त्याच १८४३ मध्ये आणखी एक घटना घडली, आणि ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत विलक्षण वाटते. मंडळीवर पाळक कोणी नेमायचा, गावच्या जमीनदाराने की मंडळीने, या प्रश्नावर स्कॉटलंडचे चर्च फुटले. शेकडो पाळक बाहेर पडले आणि त्यांनी ‘फ्री चर्च’ स्थापन केले. विल्सन आणि त्यांचे मुंबईतील सहकारी फ्री चर्चमध्ये गेले. परिणामी जुन्या चर्चच्या मालकीची इमारत त्यांना सोडावी लागली. स्कॉटलंडातल्या जमीनदारांचा हक्क हा वादाचा विषय, आणि बिऱ्हाड हलवावे लागले ते मुंबईतल्या ब्राह्मण-पारशी मुलांच्या शाळेला! त्या मुलांना या वादाचे सोयरसुतक असण्याचे कारण नव्हते. शिक्षक तेच होते, पुस्तके तीच होती. मुले त्यांच्यामागे नव्या जागेत गेली. पंथीय ओळख म्हणजे नक्की कुणाची ओळख, विद्यार्थ्यांची की मालकांची, हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे क्वचितच समोर येतो.

थोडे जगाकडेही पाहू, कारण इथे एक उलटापालट आहे. ऑक्सफर्डमध्ये १८५४ पर्यंत इंग्लंडच्या चर्चच्या तत्त्वांवर सही केल्याशिवाय विद्यार्थ्याला प्रवेशच नव्हता. अध्यापक आणि फेलो यांच्यावरील धार्मिक अटी तर थेट १८७१ च्या कायद्याने उठल्या. उलट मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले, तेव्हापासून अशी कोणतीही धर्मपरीक्षा इथे नव्हती. त्याहीआधी बंगालात श्रीरामपूर महाविद्यालयाला पदव्या देण्याची सनद १८२७ मध्ये मिळाली होती. महाविद्यालय बाप्टिस्टांचे, गाव डेन्मार्कच्या ताब्यातले, आणि सनद देणारा राजा सहावा फ्रेडरिक लूथरन. १८३३ च्या नियमांत जात, वर्ण किंवा देश यांवरून प्रवेश नाकारू नये, असे लिहून ठेवले गेले. वसाहतीत दार मोकळे आणि मायदेशात बंद, ही स्थिती काही दशके टिकली.

पण नियमांत मोकळे असलेले दार गाठायला आधी शाळा लागते. इथून गोष्ट अहमदनगरला जाते.

अमेरिकन मराठी मिशन हे बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे अपत्य. पंथ प्रामुख्याने काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र मानणारा. १८१३ मध्ये ते मुंबईत आले, १८३१ मध्ये अहमदनगरला. तेथील सिंथिया फरार बाईंच्या मुलींच्या शाळांचे नाव या धाग्यांच्या वाचकांना ठाऊक असेलच. जोतीराव फुल्यांनी त्या पाहिल्या होत्या आणि सावित्रीबाईंचे अध्यापनाचे प्रशिक्षण तिथे झाले. स्वतः जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, १८४१ ते १८४७. त्या शाळेत माळ्याचा मुलगा आणि ब्राह्मणांची मुले मित्र होऊ शकली; सदाशिव बल्लाळ गोवंडे हे त्यांपैकी एक, आणि पुढे मुलींच्या शाळेच्या कामात ते जोतीरावांबरोबर राहिले. मिशनच्या शाळेने काय साधले याचे उदाहरण मागणाऱ्यास एवढे एक नाव पुरे. कारण १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला त्याच्या जातीमुळे प्रवेश नाकारला गेला होता आणि मुंबई सरकारने त्या नकाराची पाठराखण केली होती.

मग घसरण कुठे झाली? १८५४-५५ मध्ये अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले. त्यांचे शास्त्र डफ यांच्या नेमके विरुद्ध. मिशनचे काम चर्च उभे करणे हे आहे. ते चर्च स्वतःचा कारभार पाहणारे, स्वतःच्या पैशावर चालणारे आणि स्वतः प्रसार करणारे असावे. त्यासाठी इंग्रजी महाविद्यालये कशाला? इंग्रजी शिकलेला तरुण खेड्यात राहत नाही, सरकारी नोकरीत जातो. खेड्यातल्या मंडळीला मराठी वाचता येणारा, बायबल समजावून सांगणारा शिक्षक हवा. या विचाराने मिशनचे इंग्रजी शिक्षण गुंडाळले गेले आणि भर देशी भाषेतील शाळांवर आला.

हा विचार वाचताना पहिल्यांदा पटतो. मातृभाषेतून शिक्षण, स्वावलंबी मंडळी, परदेशी पैशावर अवलंबून न राहणे. आजच्या कुणालाही हे पुरोगामीच वाटेल. पण परिणाम पाहा. याच नगर जिल्ह्यात पुढच्या दशकांत महार-मांग कुटुंबे मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाली. म्हणजे ज्या मिशनकडे दलित ख्रिस्ती सर्वाधिक आले, त्याच मिशनने उच्च शिक्षणाची शिडी काढून घेतली होती. आणि ज्या मिशनने शिडी ठेवली, त्या स्कॉटिश मिशनच्या शिडीवर उच्चवर्णीय हिंदू आणि पारशी चढत होते. विल्सन मुंबईत, हिस्लॉप नागपुरात १८८३ पासून. नगरच्या खेड्यातल्या ख्रिस्ती मुलाने मराठी शाळेतून मिशनच्या शिक्षक-प्रशिक्षणापर्यंत जायचे. त्यापुढचा रस्ता मुंबईचा आणि खर्चाचा होता. एडिंबरो आणि बोस्टन येथील दोन पंथीय सिद्धांतांनी मराठी मुलांचे भविष्य असे वाटून टाकले.

पंडिता रमाबाईंचे शारदा सदन या चर्चेत आणणे काहींना विषयांतर वाटेल, कारण ते महाविद्यालय नव्हते. पण ‘आम्ही ख्रिस्ती आहोत, तरी आमची संस्था सर्वांची आहे’ या वचनाची इतकी कठोर परीक्षा महाराष्ट्रात दुसरीकडे झालेली नाही.

रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडात १८८३ मध्ये झाला, इंग्लंडच्या चर्चमध्ये. मात्र त्या चर्चची सर्व मते त्यांनी मानली नाहीत. त्रैक्याच्या सिद्धांतावरून आणि बिशपांच्या अधिकारावरून आपल्या धर्ममातेशी, सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. पुढे अमेरिकेत गेल्यावर १८८७ मध्ये बोस्टनला त्यांच्या कामासाठी मंडळ स्थापन झाले. त्यात युनिटेरियनही होते, एपिस्कोपलही होते; एकमेकांच्या धर्ममतांना चूक मानणारे लोक एका मंडळात बसले होते. दहा वर्षे पैसा देऊ, असे ठरले. धोरण असे की शाळेत ख्रिस्ती किंवा हिंदू कोणतेही धर्मशिक्षण द्यायचे नाही आणि प्रत्येकीला आपला धर्म पाळण्याची पूर्ण मोकळीक ठेवायची.

मार्च १८८९ मध्ये मुंबईत सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. ब्राह्मण विधवांना आपले सोवळे-ओवळे पाळता येईल अशी व्यवस्था होती. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर होते. गोदूबाई, पुढच्या आनंदीबाई कर्वे, इथेच शिकल्या. पण रमाबाई आपल्या खोलीत सकाळी प्रार्थना करीत. दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. कुणाला बोलावले नव्हते, कुणाला अडवलेही नव्हते. १८९३ मध्ये यावरूनच वादळ उठले. ‘केसरी’ने टीकेची राळ उडवली, रानडे-भांडारकरांनी ऑगस्टमध्ये मंडळ सोडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. गिरगावात १८३९ मध्ये चाललेलेच हत्यार पुण्यात पुन्हा उपसले गेले.

इथवरची कथा सर्वांना ठाऊक असते. पुढचा भाग मला अधिक बोलका वाटतो. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतातून शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. बोस्टनच्या मंडळाची दहा वर्षे १८९८ मध्ये संपली, धर्मनिरपेक्षतेची अट गेली, आणि संस्था उघडपणे ख्रिस्ती झाली. पण कोणत्याही एका पंथाची झाली नाही. मुलींची संख्या हजारांच्या घरात गेली आणि त्यांत शेतमजुरांच्या, खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या मुली मोठ्या संख्येने होत्या.

म्हणजे संस्था धर्माबाबत तटस्थ होती तोवर तिच्यात प्रामुख्याने उच्चवर्णीय मुली होत्या. तिने आपली ख्रिस्ती ओळख उघड केली तेव्हा ती जातीच्या दृष्टीने कितीतरी व्यापक झाली. अर्थात दुष्काळ नसता तर असे घडले असते का, हा प्रश्न रास्त आहे, आणि भुकेल्या मुलीच्या ‘निवडी’ला निवड म्हणावे का, हाही. तरीही ‘ओळख जितकी पुसट, तितकी संस्था सर्वसमावेशक’ हे समीकरण केडगावला मोडते. तटस्थता ही कुणाच्या तरी सोयीची तटस्थता असते. सदनाच्या बाबतीत ती ब्राह्मण पालकांच्या सोयीची होती.

पुरुषांच्या महाविद्यालयांत हेच शांतपणे चालू राहिले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बायबलच्या सक्तीच्या तासाविरुद्ध आवाज उठू लागला. सरकारी अनुदान घेता, तर विद्यार्थ्याला त्या तासातून सुटण्याचा हक्क द्या, ही मागणी श्रीनिवास शास्त्री यांनी लावून धरली. पुढे १९३०-३१ मध्ये ऑक्सफर्डच्या बेलिअल कॉलेजचे प्रमुख ए. डी. लिंडसे यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग भारतातील ख्रिस्ती महाविद्यालये पाहून गेला. त्यांची मुख्य चिंता अशी की विद्यार्थी बहुसंख्य बिगर-ख्रिस्ती, अध्यापकांतही ख्रिस्ती थोडे, मग ही महाविद्यालये ख्रिस्ती कशाच्या अर्थाने? अमेरिकेतल्या लूथरन महाविद्यालयांना नंतर पडलेला प्रश्न इथे तेव्हाच पडला होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र दुसराच प्रश्न विचारला. धर्मांतरित दलितांच्या स्थितीविषयीचे त्यांचे लेखन त्यांच्या निधनानंतर प्रकाशित झाले. मिशनऱ्यांनी शाळा-महाविद्यालये आणि दवाखाने यांवर केलेल्या खर्चाचा लाभ मुख्यतः उच्चवर्णीय हिंदूंना झाला. ज्यांनी त्यांचा धर्म स्वीकारला त्या गरिबांच्या वाट्याला त्यातले फार थोडे आले, असा त्यांचा आक्षेप होता. लिंडसे यांनी विचारले की महाविद्यालय ख्रिस्ती उरले का. आंबेडकरांनी विचारले की ख्रिस्ती माणसाला महाविद्यालय मिळाले का. मला दुसरा प्रश्न अधिक खोल वाटतो, आणि अल्पसंख्याक दर्जाच्या आजच्या वादात तो जवळजवळ कुणीच विचारत नाही.

उत्तर अखेर त्या-त्या समाजांनीच काढले. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. १९४७ मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे या मराठी ख्रिस्ती शिक्षकाने अहमदनगर महाविद्यालय स्थापन केले. मिशन नगरला आल्यानंतर हे व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

आता राज्यघटना. अनुच्छेद ३०(१) अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतो. अनुच्छेद २९(२) सांगतो की सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेने केवळ धर्म, वंश, जात, भाषा यांवरून कुणाला प्रवेश नाकारू नये. दोहोंचा मेळ घालण्यात सर्वोच्च न्यायालयाची अनेक दशके गेली. १९९२ च्या सेंट स्टीफन्स खटल्यात स्वसमाजासाठी पन्नास टक्क्यांपर्यंत जागा ठेवण्यास मुभा मिळाली. २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने हा आकडा सर्वत्र सारखा ठेवण्यास नकार दिला. २००५ च्या निकालात तर आपले पुणेच आहे : पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य. विनाअनुदानित संस्थांवर सरकार आरक्षण लादू शकत नाही, असे सात न्यायाधीशांनी ठरवले. त्यावर संसदेने त्र्याण्णवावी दुरुस्ती करून अनुच्छेद १५(५) आणला : खासगी संस्थांनाही आरक्षण लागू करता येईल, पण अल्पसंख्याक संस्था वगळून.

२०२५ चा वाद याच वगळण्यावर उभा आहे. कायदा म्हणून संस्थांची बाजू भक्कम आहे, आणि मला ती तत्त्वतः मान्यही आहे. बहुसंख्याकांचे सरकार अल्पसंख्याकांच्या शाळेचा पट ठरवू लागले, तर अनुच्छेद ३० कागदावरच राहील. पण हा हक्क कुणाच्या नावाने मागितला जातो आणि कुणाच्या उपयोगी पडतो, हे विचारण्यास कोणतेही न्यायालय मनाई करीत नाही.

प्रवेश अर्जावर ‘ख्रिस्ती’ हा एकच रकाना असतो. त्यात वसईचा कॅथलिक, गोव्याकडचा कॅथलिक, केरळचा सीरियन ख्रिस्ती, छोटानागपूरचा लूथरन आदिवासी आणि नगरचा मराठी प्रोटेस्टंट हे सारे सारखेच. मी राहते त्या दिघी-भोसरी भागात हे रोज दिसते. कारखान्यांच्या ओढीने देशाच्या सगळ्या बाजूंनी माणसे आली; रविवारी मराठी, मल्याळम, तमिळ अशा निरनिराळ्या भाषांत उपासना होतात आणि प्रत्येक मंडळीची आर्थिक पायरी वेगळी असते. गुणवत्ता यादी लागते, तेव्हा त्या एका रकान्यातील जागा कुणाकडे जातील हे सांगायला ज्योतिषी नको. ज्याच्या घरात दोन पिढ्या इंग्रजी आहे त्याच्याकडे.

दलित ख्रिस्ती विद्यार्थ्याला तर दुसरा आधारही नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती आणि मुस्लिमांना नाही. म्हणजे सरकारच्या लेखी तो दलित नाही, आणि महाविद्यालयाच्या लेखी तो फक्त ख्रिस्ती.

याच्या अगदी उलट नमुना पाहायचा असेल, तर आमच्याकडून बोपोडीमार्गे औंधला जावे. तेथील स्पायसर हे सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे. १९१५ मध्ये कोइमतूरला सुरू झाले, १९४२ मध्ये पुण्यात आले आणि २०१४ मध्ये राज्याच्या कायद्याने विद्यापीठ झाले. नावातच ‘अ‍ॅडव्हेंटिस्ट’ हा शब्द आहे. मुळात पंथाच्या कामासाठी माणसे घडवणारी, शनिवारी शब्बाथ पाळणारी ही संस्था. अमेरिकेतल्या लूथरन महाविद्यालयांचा जुना क्रम, आधी आपली माणसे, इथे पाहायला मिळतो. ही रीत सर्वांनी उचलावी असे माझे म्हणणे नाही. बंदिस्तपणाचे धोके तिच्यात आहेतच. पण ‘आपली माणसे कोण’ या प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी आहे. मोठ्या, नामवंत, ‘सर्वांच्या’ ख्रिस्ती महाविद्यालयांपाशी ते आहे का, याविषयी मला शंका वाटते.

२०१६ मध्ये भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले आणि चर्चमध्ये जातिभेद असल्याचे त्यात मान्य केले. ही लहान गोष्ट नव्हे. आता पुढची पायरी महाविद्यालयांची. अनुच्छेद ३० त्यांना सरकारी कोट्यापासून संरक्षण देतो. स्वतःहून कोटा ठेवण्यापासून रोखत नाही. दलित ख्रिस्ती आणि आदिवासी ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी स्वसमाजाच्या कोट्यातच वेगळ्या जागा ठेवता येतील. उरलेल्या जागांवर अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना स्वेच्छेने प्राधान्य देता येईल. आणि दरवर्षी प्रवेशांची आकडेवारी जात, भाषा आणि पालकांचे शिक्षण यांनुसार जाहीर करता येईल. यांतल्या कशालाही शासननिर्णय लागत नाही.

‘यामुळे आमची ओळख सरकारी कोट्यांत विरघळेल,’ अशी भीती मी ऐकली आहे. मला ती कळते, पण ज्या ओळखीची ही भीती आहे, तिच्यासाठी शेतमजुरी करून मुलांना मराठी शाळेत पाठवणाऱ्या माणसांनी नगरच्या खेड्यांत गावकीचा बहिष्कार आणि विहिरीवरची बंदी सोसली. विल्सनच्या बाकांवरून पदवी घेऊन आपापल्या घरी गेलेल्यांना ती किंमत मोजावी लागली नव्हती.

पुढील धागा मुंबई विद्यापीठाच्या १८५७ च्या कायद्यावर : धर्मपरीक्षा नको, हे कुणी आणि का ठरवले, आणि लंडन विद्यापीठाचा त्यात वाटा किती. कुणाच्या घरी मिशनच्या शाळांचे जुने दाखले किंवा प्रगतिपुस्तके असतील, तर नावे झाकून त्यांची छायाचित्रे जरूर पाठवावीत. विशेषतः नगर, राहुरी, नेवासा आणि जालना भागातील.